तंबू एक, परवानग्या छप्पन्न

रानात एक रात्र तंबू ठोकायचा म्हटलं की आधी कागदांचं रान तुडवा! साइट म्हणते परवानगी ऑनलाइन. फॉर्म भरला, शेवटच्या पानावर ते गोल गोल फिरणारं चक्र, आणि मग ‘सत्र संपले’. फोन केला तर म्हणे गेटवरच या. गेटवर फलक होता, पण ‘मुक्काम’ शब्दाच्या पुढचं सगळं गंजलेलं. मनाई की मुभा, देव जाणे.

नियम नकोत असं नाही हो. पाण्यापासून साठेक मीटर लांब झोपा म्हणजे जनावरं रात्री बिचकत नाहीत, हे कुणालाही पटेल. स्कॉटलंडच्या लॉख लोमंड सरोवराच्या परिसरातही २०१७ पासून मार्च ते सप्टेंबर काही पट्ट्यांत परवाना लागतो. पण कुठल्या, ते नकाशावर दिसतं तरी!

इथे आपण शिक्क्यासाठी ताटकळतोय, तोवर बिनपरवाना टोळकं स्पीकर घेऊन केव्हाच आत. सकाळी बघावं तर गवतावर शेकोटीचा काळा डाग, राखेत अर्धवट वितळलेल्या बाटल्या. आणि वनरक्षक कागद कुणाचे तपासतो? ज्याच्याकडे आहेत त्याचे!