दीड तासात मुसलमान: होतकरू व्याख्यात्यांसाठी सूचना

गणपतीच्या तोंडावर शांतता समितीची बैठक असते. यंदा मिरवणुकीचा मार्ग आणि स्पीकरची वेळ यांच्या आधी एक व्याख्यान होतं. विषय: नव्या भरतीच्या पोलिसांना मुस्लिम समाजाची ओळख. (ठाण्याचं नाव लिहीत नाही, मंडपाची परवानगी तिथूनच घ्यायची आहे.) ऐकून असा भारावलो की तुम्हालाही हा धंदा करावासा वाटला, तर उपयोगी पडावं म्हणून हे लिहितोय.

वक्ता परगावचाच हवा. बडोद्यातला माणूस बडोद्याविषयी बोलायला लागला तर पंचाईत.

पहिल्या स्लाइडवर एक चेहरा दाखवा. दाढी, टोपी, डोळ्यांत सुरमा. तिन्हींना लाल बाण.

मोहरमला 'मुबारक' म्हणायला शिकवा. करबल्यात पैगंबरांचे नातू हुसेन मारले गेले त्याला चौदा शतकं होत आली, अजून कुठे दुःख करत बसायचं!

सयाजीरावांचं नाव दोनदा घ्या. त्यांनी १८८६ साली गायनशाळा गायक मौलाबक्षांच्या हाती दिली, ते सोडा. गवई फैयाज खाँची कबर याच गावात आहे आणि २००२ मध्ये तिची मोडतोड झाली, हे तर मुळीच नको. पोलिसांना उगाच वाईट वाटेल.

सगळे मुसलमान एकच, हे मात्र ठासून सांगा. 'हे लोक चंद्र दिसला की ईद करतात,' असं आमचे वक्ते म्हणाले, तेव्हा माझ्या शेजारी सोनेरी काठाची पांढरी टोपी घातलेले एक दाऊदी बोहरा काका बसले होते. समितीचे जुने सभासद. बोहऱ्यांचं पंचांग आधीच गणित करून ठरलेलं असतं, त्यांची ईद बहुधा इतरांच्या एखाद-दोन दिवस आधी येते. हे बंदोबस्त लावणाऱ्याला ठाऊक नको? काकांनी हात वर केला. 'बेसो काका, सवाल पछी.' सवाल नंतरही झाले नाहीत, चहा आला. अलवी बोहऱ्यांची मुख्य गादीच या शहरात आहे, तो शब्द दीड तासात एकदाही निघाला नाही. मेमण नाहीत, खोजे नाहीत, चरोतरचे सुन्नी व्होरा नाहीत. 'बोहरा' आणि 'व्होरा' यांतला फरक त्या हॉलच्या दारातला चहावालाही सांगेल, कारण त्याची दोन्हीकडे उधारी आहे! मग त्यालाच का नाही उभा केलात माइकसमोर? मोहल्ल्यात बीट सांभाळून केस पिकलेला जमादार मागच्या रांगेत जांभया देत होता. त्याला विचारलंत काही?

आकडे टाळा. २०१९ साली कॉमन कॉज आणि लोकनीती-सीएसडीएस या संस्थांनी देशभरातल्या पोलिसांना विचारलं, तेव्हा जवळजवळ निम्म्यांना मुसलमान कमी-अधिक प्रमाणात स्वभावतःच हिंसेकडे वळणारे वाटत होते. शिकवायला सुरुवात इथून करायची, की सुरम्यापासून? अमेरिकेतही हेच झालं. माणूस जितका धार्मिक मुसलमान तितका हिंसक, असा मजकूर एफबीआयच्या प्रशिक्षणात असल्याचं २०११ मध्ये उघड झालं आणि बोभाटा झाल्यावर पानं काढावी लागली. तिथे निदान काढली. आपल्याकडे ती स्लाइड पेन ड्राइव्हवर घालून पुढच्या गावी गेली.

अहो, समोर बावीस-तेवीसची पोरं बसली होती. माझ्या पुढच्या खुर्चीतल्या मुलीने वहीत 'ओळख' असा मथळा टाकून खाली एक, दोन, तीन लिहून घेतलं, वर पट्टीने रेघही मारली. तिची काय चूक? उद्या याकुतपुऱ्याच्या गल्लीत रात्री कुठून तरी दगड आला की ही पोर कोणाची कॉलर धरणार? वहीतल्या त्या तीन खुणांपैकी दोन ज्याच्या अंगावर असतील त्याची. तो बिचारा दुकान बंद करून घरी निघालेला असेल. त्याचा जाब कोण देणार? वक्ता पाकीट आणि शाल घेऊन संध्याकाळच्या गाडीने गेला. साहेब, बोलावलंत तुम्ही, शाल घातलीत तुम्ही, आणि हात वर केलेल्या म्हाताऱ्याला खाली बसवलंत तेही तुम्हीच. त्या वह्या परत मागवा आणि ते पान फाडा.