सत्तर किलोंचा चाळीस वर्षांचा पुरुष

हिंजवडीतल्या आमच्या ऑफिसात बारा महिने दोन ऋतू एकदमच चालू असतात. पश्चिमेच्या काचेला लागून बसणाऱ्यांचा वैशाख आणि मधल्या रांगांतल्यांचा पौष. मध्ये अंतर पंधरा-वीस पावलांचं. अकाउंट्स विभाग पौषात येतो. एप्रिलमध्ये बाहेर पारा चाळिशीला टेकलेला असताना मी पार्किंगमध्ये स्कूटर लावते, तोंडाचा स्कार्फ, सनकोट आणि हातमोजे उतरवून डिकीत कोंबते, लिफ्टने वर येते आणि शाल पांघरते. लिफ्टमध्ये जेमतेम मिनिटभर काय तो माझा वसंत.

इमारत चहूबाजूंनी काचेची आहे. खाली लॉबीत ती पर्यावरणस्नेही असल्याची पितळी पाटी आहे आणि पाटीवर चोवीस तास दिवा आहे. आम्ही इथे आलो तेव्हा ‘भरपूर नैसर्गिक प्रकाश’ मिळणार असं सांगण्यात आलं होतं. तो मिळतो, अगदी मुबलक मिळतो. म्हणून सकाळी जो पहिला येतो तो ब्लाइंड्स पाडतो आणि जो दुसरा येतो तो सगळे दिवे लावतो. स्वच्छ उन्हात बाहेर लाखभर लक्स उजेड असतो. टेबलावर लिहायला-वाचायला तीनशे ते पाचशे पुरतो. म्हणजे देवाघरच्या फुकट उजेडाचा दोनशेवा हिस्सा आत आला तरी आमची बॅलन्स शीट जुळेल. पण काचेला हिस्से पाडता येत नाहीत. ब्लाइंड्स उघडे ठेवले तर कॉम्प्युटरच्या पडद्यावर आकड्यांऐवजी स्वतःचं तोंड दिसतं. क्वार्टर एंडला कुणालाच ते बघायची इच्छा नसते.

खरा तमाशा दुपारी साडेतीननंतर. दक्षिणेचं डोक्यावरचं ऊन छज्जाने अडवता येतं, पश्चिमेचं नाही, कारण ते खाली उतरून थेट डोळ्याला डोळा भिडवतं. आमच्या इमारतीला छज्जा नाहीच, त्याने म्हणे ‘लुक’ जातो. ऊन काचेतून बिनबोभाट आत शिरतं, टेबलं-खुर्च्या-माणसं तापवतं, आणि तापलेल्या वस्तूंतून निघणारी उष्णता परत जायला निघाली की तीच काच तिला अडवते. ब्लाइंड्स पाडून उपयोग अर्धाच. ते आतल्या बाजूला असल्यामुळे ऊन त्यांच्यावर आपटेपर्यंत घरात आलेलंच असतं. चोराला हॉलमध्ये बसवून मग दाराला कडी लावण्यातला प्रकार.

काचेपाशी सेल्सवाले बसतात. त्यांचा आवाज मुळात मोठा, त्यात अंगाची लाही. चार वाजता त्यांच्यातला एक जण ॲडमिनला फोन करतो, ॲडमिन खाली प्लँट रूमला कळवतं आणि अख्ख्या मजल्याचा एसी वाढतो. कारण अख्ख्या मजल्याला एएचयू, म्हणजे गार हवा फेकणारं यंत्र, एकच. गार हवेने आधी वैशाखाकडे जावं अशी अपेक्षा असते, पण वाटेत मी आहे.

माझ्या खुर्चीच्या नेमकं वर फॉल्स सीलिंगमध्ये डिफ्युझर, म्हणजे गार हवा बाहेर सोडणारं तोंड, आहे. चौकोनी, पांढरा, चार दिशांना पाती असलेला. त्यातली माझ्याकडची पाती मी बॉक्स फाइलच्या पुठ्ठ्याने बंद केली आहे. पुठ्ठा ब्राऊन टेपने लावलाय, कारण साधा सेलोटेप गार हवेच्या दमटपणाने दोन दिवसांत सुटून कीबोर्डवर लोंबतो. पुठ्ठ्यावर ‘टीडीएस २०१९-२०’ असं माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. ऑडिटर दरवर्षी वर बघतात आणि काही विचारत नाहीत. माझी हवा अडल्यामुळे ती शेजारच्या पेरोलवालीच्या मानेवर जाते. तिने तिच्या बाजूला तिचा पुठ्ठा लावला. आता आमच्या रांगेत वर नजर टाकली तर पाच आर्थिक वर्षांचं रेकॉर्ड छताला चिकटलेलं सापडेल.

या छळाचा इतिहास मी एकदा रात्री, गोधडीत बसून, वाचून काढला. पहिला आधुनिक एसी माणसांसाठी नव्हताच. 1902 मध्ये ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगायचा आणि एकावर एक छापायचे रंग सरकायचे. त्यावर विलिस कॅरियर नावाच्या तरुण इंजिनिअरने यंत्र काढलं. कागदाला बरं वाटावं म्हणून. ऑफिसात आजही सगळ्यात सुखी वस्तू प्रिंटर का असतो, याचा उलगडा मला त्या रात्री झाला. एसीचं ‘टन’ही बर्फावरून आलंय. एक अमेरिकन टन, म्हणजे नऊशे सात किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता खाईल, तेवढा एक टन एसी. हे वाचल्यापासून दुपारी मला डोक्यावर बर्फाच्या लाद्या दिसतात.

मग डेन्मार्कचे प्राध्यापक फँगर भेटले. त्यांनी माणसांना बंद खोल्यांत बसवून विचारलं, गार वाटतंय की गरम, आणि त्यातून 1970 मध्ये सुखाचं एक समीकरणच मांडलं. त्यात हवेचं तापमान, वारा, दमटपणा, भोवतालच्या भिंतींचा ताप, अंगावरचे कपडे आणि शरीर किती उष्णता टाकतं, हे सगळं येतं. कपड्यांना तर एककही आहे, ‘क्लो’. एक क्लो म्हणजे साधारण एक बिझनेस सूट. पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला तर किती आणि नुसता खोचला तर किती, हे ज्याने ठरवायचं त्याने आधी आमच्या रांगेत येऊन बसावं. फँगर प्रामाणिक मात्र होते. सगळं अगदी बरोबर जमवलं तरी शंभरातले पाच जण नाराज राहणारच, असं त्यांचंच गणित सांगतं. आमच्या ॲडमिनला त्या पाचांबद्दल कुठून तरी कळलेलं दिसतं. मी तक्रार केली की ते म्हणतात, “मॅडम, काही लोकांना वाटतंच.”

पण खरा गुन्हेगार मला 2015 च्या एका डच संशोधनात सापडला. शरीर किती उष्णता टाकतं याचे ऑफिसांसाठी वापरले जाणारे जुने आकडे एका सरासरी माणसावरून घेतलेले आहेत, आणि तो माणूस आहे चाळीस वर्षांचा, सत्तर किलो वजनाचा पुरुष. बायकांचं शरीर त्याहून कमी उष्णता टाकतं, पण हे समीकरणाला कुणी कळवलंच नाही. म्हणजे इतकी वर्षं मी कुणाच्या तरी दुसऱ्याच्या अंगाची थंडी सोसत होते! त्या दिवसापासून मी त्या गृहस्थांना शोधतेय. मजल्यावर चाळिशीचे पुरुष पुष्कळ आहेत, पण सत्तर किलो हा आकडा त्यांनी लग्नातच मागे सोडला. सत्तर किलोंत बसतात ती सगळी पोरं पंचविशीतली. ज्याच्यासाठी हा मजला गार केला जातो तो माणूस आमच्या पेरोलवर नाही. पेरोलवालीने खात्री करून सांगितलं.

आपल्या लोकांचंही कुणी विचारलंच नाही असं नाही. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी देशातल्या वेगवेगळ्या हवामानांच्या पाच शहरांतल्या ऑफिसांत जाऊन माणसांना विचारलं. परदेशी मानकं सांगतात त्यापेक्षा जास्त तापमानात आपण सुखाने काम करतो, असं निघालं. आईला मी हे कौतुकाने सांगितलं. ती म्हणाली, “याला अहमदाबादला कशाला जायला हवं?”

दिव्यांचं दुःख वेगळंच. वीज वाचावी म्हणून मीटिंग रूम आणि वॉशरूममध्ये सेन्सर बसवले आहेत. हलत्या शरीराची ऊब दिसली की दिवा लागतो, दिसेनाशी झाली की विझतो. माणसाने मीटिंगमध्ये हात हलवत राहावं अशी त्याची अपेक्षा. बजेटच्या मीटिंगला सगळे निःशब्द बसले होते आणि सरांनी “काही सूचना?” विचारताच अंधार झाला. सेन्सरच्या मते खोलीत जिवंत कुणी नव्हतं. मला ते पटलं. वॉशरूममध्ये सेन्सर बाहेर बेसिनवर आहे, त्याला दाराआडचं दिसत नाही. अंधारात आतून “ताई, कुणी आहे का? जरा हात हलवता?” अशी हाक येते आणि बेसिनपाशी असलेली बाई केस विंचरता विंचरता आरती ओवाळल्यासारखा हात फिरवते. या इमारतीतला माणुसकीचा तेवढा एकच व्यवहार मी पाहिलाय.

गेल्या महिन्यात एसीचा मेकॅनिक शिडी घेऊन आला. माझा पुठ्ठा बघून हसला नाही, उलट म्हणाला, “ताई, टेप चांगली लावलीय.” मी थर्मोस्टॅटकडे बोट केलं. ते पेरोलच्या खांबावर आहे, वर-खाली बाण, हिरवे आकडे. सेल्सवाले जाता-येता ते वीसवर आणतात, आम्ही सव्वीसवर. यावरून दोन वाढदिवसांचे केक न बोलता कापले गेले आहेत.

“तो?” मेकॅनिकने आवाज खाली आणला. “तो कशालाच जोडलेला नाही, ताई. फक्त आकडे बदलतात. सगळं खालून चालतं. कुणाला सांगू नका, नाहीतर दिवसभर माझा फोन वाजेल.”

मी सांगितलं नाही. उलट ॲडमिनला मेल केला की भांडणं होतात, थर्मोस्टॅटची जबाबदारी एकाच व्यक्तीकडे असावी, मी तयार आहे. लगेच मंजुरी आली. आता ज्याला जे तापमान हवं ते मी सौजन्याने लावून देते. परवा सेल्सचा तो मोठ्या आवाजाचा आला, “मॅडम, प्लीज, एकवीस करा ना.” मी दोनदा बाण दाबला. तो थँक यू म्हणून जागेवर गेला आणि दहा मिनिटांत खुर्चीवरचा ब्लेझर अंगात घालून बसला.