पार्किंगपुरता असहकार

आमच्या सोसायटीत माझ्या वाट्याला आलेली पार्किंगची जागा ही जागा नसून दोन खांबांमधली फट आहे. डाव्या खांबाला ड्रेनेजचा पाइप, उजवीकडे दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंची स्कूटर. गाडी आत घालायची तर उभ्या उभ्या स्टीअरिंग तीनदा पूर्ण उजवीकडे आणि दोनदा पूर्ण डावीकडे फिरवावं लागतं. गेली नऊ वर्षं मी हे एका हाताने, दुसऱ्या हातात भाजीची पिशवी सांभाळत केलंय.

जूनमधल्या एका संध्याकाळी दुसऱ्याच वळणाला स्टीअरिंग जात्यासारखं जड झालं. डॅशबोर्डवर पिवळं स्टीअरिंग उगवलं, शेजारी उद्गारचिन्ह. उद्गारचिन्ह खरं तर माझ्या तोंडून निघायला हवं होतं, पण काकू गॅलरीत होत्या. वॉचमन धावत आला, "जोर लावा साहेब!" जोर लावला. खांद्यात काहीतरी कट्‌ वाजलं, चाक मात्र चार बोटं हललं. शेवटी गाडी बंद करून परत चालू केली, तर स्टीअरिंग पुन्हा लोण्यासारखं. जणू मघाशी जड झालं होतं ते दुसरंच कुणी.

मग हे रोजचं झालं. सकाळी कर्वे रोडला मख्खन, नळ स्टॉपच्या गर्दीत मख्खन, आणि संध्याकाळी खांबांमध्ये शिरताना असहकार.

सर्व्हिस सेंटरमधला इस्त्रीच्या शर्टातला मुलगा म्हणाला, "सर, टेस्ट ड्राइव्ह घेऊ." घेऊन गेला कुठे, तर चांदणी चौकात. जुना पूल २०२२ साली पाडल्यापासून तिथे जे रॅम्प झालेत, त्यांवर एकदा चुकलं की माणूस मुळशीकडे निघतो. आम्ही दोनदा चुकलो. पण चाळीसच्या वेगाने घेतलेल्या त्या सगळ्या गोल गोल वळणांत स्टीअरिंगने एकदाही तक्रार केली नाही. "सर, गाडी ओके आहे." मी म्हटलं, "अहो, ही चालताना ओकेच असते. उभी राहिली की रुसते." त्याने माझ्याकडे असं बघितलं, की दुखणं गाडीचं आहे की माझं, याची नोंद कुठल्या रकान्यात करावी ते त्याला ठरवता येईना.

तरी स्कॅनर लावला. कोड निघाला: कंट्रोल युनिटला व्होल्टेज कमी पडतंय. झालं, बॅटरी बदलली. चार दिवसांनी पुन्हा तेच. बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर तपासला, ठणठणीत. तिसऱ्या वेळी त्या मुलाने आवाज खाली आणला, आयसीयूबाहेर डॉक्टर आणतात तसा. "सर, पूर्ण कॉलम असेंब्ली, म्हणजे स्टीअरिंगचा अख्खा दांडा मोटरसकट, बदलावी लागेल." एस्टिमेट बेचाळीस हजार. मी तो कागद घडी करून खिशात ठेवला आणि बायकोला सांगितलं, की बघतायत अजून.

त्या रात्री झोप आली नाही म्हणून वाचत बसलो. आपल्या गाडीला पॉवर स्टीअरिंग आहे, म्हणजे चाक फिरवायला विजेच्या मोटरचा मदतनीस आहे, एवढंच मला ठाऊक होतं, तो केव्हा किती मदत करतो याचा विचार कधी केला नव्हता. स्टीअरिंगच्या दांड्यात एक बारीक सळई असते. तुम्ही चाक फिरवलं की तिला पीळ पडतो, तो पीळ सेन्सर मोजतो. गाडीचा वेग किती, हे चाकांवरचे सेन्सर कळवतात. दोघांचं ऐकून कंट्रोल युनिट मोटरला सांगतं, किती रेटा लावायचा. गाडी उभी असेल तर भरपूर. वेग वाढला की हात आखडता. एक्सप्रेसवेवर शंभरच्या वेगाला स्टीअरिंग पार्किंगइतकं हलकं राहिलं, तर शिंक आली की लेन बदलेल. ही अक्कल काही नवी नव्हे. सित्रोएनच्या एसएम गाडीत १९७० सालीच वेगाबरोबर जड होत जाणारं स्टीअरिंग होतं. तेही तेलाच्या दाबावर, मोटरबिटर काही नाही.

म्हणजे मदतीची खरी गरज उभ्या गाडीला, आणि मोटर सगळ्यात जास्त करंट ओढते तेही तेव्हाच. आमच्या नात्यात एक मामा होते. वर्षभर "काही लागलं तर सांग" म्हणायचे आणि लग्नाच्या आदल्या दिवशी नेमके आजारी पडायचे. माझी मोटर त्यांच्यावर गेली होती.

शेवटी भाच्याच्या मित्राने नाना पेठेतला एक वायरिंगवाला सुचवला. पोरगा असेल पंचविशीचा. मला पहिल्याच वाक्यात काका म्हणाला, तेवढं सोडलं तर बरा वाटला. मी फाइल पुढे केली, त्याने ती टपावर ठेवली आणि उघडली नाही. "काका, कधी जड होतं?" हा प्रश्न गेल्या तीन आठवड्यांत मला कुणी विचारलाच नव्हता. मी सविस्तर सांगायला लागलो, तोवर तो बॉनेटखाली होता.

मल्टिमीटरची काळी पिन त्याने बॅटरीच्या निगेटिव्हला धरली आणि लाल पिन स्टीअरिंगच्या युनिटच्या अर्थिंगला, म्हणजे करंट गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परत नेणाऱ्या जोडणीला. "इंजिन चालू ठेवा. स्टीअरिंगला हात लावू नका." मीटरवर ०.०२ व्होल्ट. "बघितलंत? कुणीही म्हणेल, अर्थिंग मस्त आहे. आता फिरवा. पूर्ण."

मी फिरवलं. खाली सिमेंटवर टायर चरचरले. तो मोठ्याने आकडे वाचत होता, "शून्य पॉइंट नऊ... दीड... दोन पॉइंट तीन... तीन!" आणि दिवा लागला, स्टीअरिंग मेलं, आकडा धाडकन परत ०.०२ वर. पोलीस शिट्टी वाजवायच्या आत सिग्नलच्या मागे जाऊन उभा राहिलेला दुचाकीवाला जसा निष्पाप दिसतो, तसा तो ०.०२ दिसत होता.

"साठेक अँपिअर ओढतंय. अर्थिंगमध्ये एवढासा अडथळा असला तरी तीन व्होल्ट तिथंच जिरतात," तो म्हणाला. "युनिटला मिळतात साडेनऊ. ते म्हणतं, मला नाही जमत. रस्त्यावर करंटच कमी लागतो, मग कसं सापडणार?" मग त्याने एक जाड केबल घेऊन युनिटचं अर्थिंग थेट बॅटरीला जोडून बघितलं. मी स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सहा वेळा फिरवलं. सातव्यांदा त्याने थांबवलं, टायर झिजतील म्हणून.

दहा नंबरच्या पान्याने त्याने हेडलाइटच्या मागचा एक बोल्ट खोलला. अर्थिंगची वायर इथेच पत्र्याला जोडलेली. बोल्टखालची तिची तांब्याची कडी बाजूला केली आणि मला बोलावलं. खाली उघडा पत्रा असायला हवा होता. होता सुंदर, गुळगुळीत, मोतिया पांढरा रंग. कडी रंगावर बसलेली. करंट जात होता तो फक्त बोल्टच्या आट्यांमधून, अंग चोरून.

"इथं रंग कुणी मारला, काका?"

मार्चमध्ये बंपरला ठोकर लागली होती, तेव्हा डेन्टिंग-पेंटिंग करून घेतलं होतं. मी म्हटलं, "हे गॅरेजवाले ना, काही बघतच नाहीत." तो हसला, पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत घासला, बोल्ट आवळला, वरून ग्रीस लावलं. साडेतीनशे रुपये झाले. मी पाचशे दिले आणि उरलेले ठेव म्हटलं. त्याला तो आनंद वाटला असावा.

संध्याकाळी दोन खांबांच्या मध्ये गाडी एका बोटाने घातली. काकू गॅलरीत होत्या, म्हणून मुद्दाम एकदा बाहेर काढून परत घातली.

घरी बायकोने विचारलं, "काय निघालं मग?"

"अर्थिंग. बोल्टखाली त्या पेंटरने रंग मारून ठेवला होता."

ती पोळी लाटत होती. लाटणं थांबलं. "कुठला बोल्ट? हेडलाइटच्या मागचा?"

"तुला कसं माहीत?"

"अहो, गाडी घ्यायला गेलो तेव्हा तुम्हीच नाही का मोबाइलचा टॉर्च मारून त्याला बोट दाखवत होतात? 'इथे पत्रा उघडा राहिलाय, फुकट पैसे देतोय का आम्ही' म्हणून?"