बोर्डावरचा अजागळ

आमच्या सोसायटीच्या गेटवर एक पांढरा बोर्ड आहे आणि त्याच्यावर रोज दिनविशेष, थोडी माहिती आणि "आजचा शब्द" लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण मागच्या मीटिंगमध्ये मी "माझं अक्षर बरं आहे" असं बोलून बसलो. तेव्हापासून झोपेचं खोबरं. सकाळी सहाला मार्कर घ्यायचा, तो वाळलेला, डस्टर म्हणजे कुणाचा तरी जुना मोजा, त्यात नागपूरची जानेवारीतली थंडी, बोटं वळत नाहीत.

26 जानेवारीला तं हद्दच झाली. 1950 ला राज्यघटना लागू झाली ही पहिली ओळ, त्यात वाद नाही. पण यंदा त्याच तारखेला टीव्हीला 100 वर्षं झाली नं! 26 जानेवारी 1926 ला लंडनमध्ये जॉन लोगी बेअर्डने शास्त्रज्ञांना बोलावून टीव्ही करून दाखवला. दिव्यांचा ताप माणसाला सोसेना म्हणून हा गडी आधी बाहुल्याचं मुंडकं ठेवून प्रयोग करायचा, आणि मग 1925 मध्ये खालच्या ऑफिसातल्या पोऱ्यालाच वर आणून, पैसे देऊन यंत्रापुढे बसवलं. म्हणजे टीव्हीवर दिसलेला पहिला माणूस कोण, तर ऑफिसबॉय! मला हे इतकं आवडलं की अर्धा बोर्ड त्यातच गेला.

झालं, वॉकवाले थांबले. एक पेन्शनर काका म्हणाले, "100 कशी बे? दूरदर्शन तं 1959 ला सुरू झालं, दिल्लीत, 15 सप्टेंबर." म्हटलं काका, ते आपलं, हे लंडनचं. "मंग आपल्या गेटवर लंडनचं काऊन लिहून राहिला?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. विषय बदलायला मी खाली घुसवलं की काल 25 तारखेला रामायण सुरू झाल्याला 39 वर्षं झाली, 1987 चा रविवार. ही चूक. आता कोणाकडे शटरवाला टीव्ही होता, अँटेना फिरवायला गच्चीवर कोण चढायचं आणि खालून "आलं, आलं... गेलं बे!" कोण ओरडायचं, यावर अर्धा तास गेला आणि घरी माझे तर्री पोहे थंड.

शब्दाला जागा उरली फक्त कोपऱ्यात. तिथे सेक्रेटरींनी आदल्या रात्रीच चौकट करून ठेवलेली: "आज अध्यक्षांचा वाढदिवस." मी घाईघाईत चौकटीला चिकटून शब्द लिहिला. अजागळ.

दहा मिनिटांत अख्खी सोसायटी खिदळत होती आणि मला कळेना काय झालं, मग लांबून वाचलं तेव्हा पोटात गोळाच आला. तेवढ्यात अध्यक्षकाका स्वतः आले, झेंडावंदनाच्या कडक कपड्यांत, वर मफलर. बराच वेळ वाचलं.

"म्हणजे काय रे हे?"

"काका, अजा म्हणजे शेळी, गळ म्हणजे गळा. काही शेळ्यांच्या गळ्याखाली दोन लोळ्या लोंबतात, दिसायला आचळं पण दूध काही नाही, त्यावरून आलाय शब्द. जुना आहे. संस्कृत." मी बोलतच राहिलो, थांबलो असतो तं मेलोच असतो.

काका काही बोलले नाहीत. फक्त गळ्यात लोंबणारी मफलरची दोन्ही टोकं हळूच उचलली आणि स्वेटरच्या आत खोचली.