विमानं १९५८ मध्येच अडकलीयेत म्हणे

परत तोच फोटो फिरतोय. वर १९५८ साली सेवेत आलेलं बोईंग ७०७, खाली आजचं विमान, आणि सोबत मजकूर की बघा इतक्या वर्षांत काडीचा फरक नाही, उलट ध्वनीपेक्षा वेगाने उडणारं कॉन्कॉर्ड होतं तेही घालवलं, कॉकपिटमध्ये अजून फ्लॉपी, हेच सॉफ्टवेअरवाल्यांच्या हातात दिलं असतं तर एव्हाना पायलटसुद्धा लागला नसता. मी विमानाच्या स्ट्रक्चरवर काम करते, त्यामुळे जरा चिडूनच लिहितेय.

फरक नाही? अहो, त्याच फोटोत नुसती इंजिनं मोजा की. ७०७ ला चार, खालच्याला दोन. दोन इंजिनांवर समुद्र ओलांडायचा म्हणजे एक बंद पडलं तर दुसऱ्यावर तासन् तास उडता आलं पाहिजे, बोईंग ७८७ ला तर ३३० मिनिटांपर्यंतची परवानगी आहे. आणि ही दोन इंजिनं एवढी जाडजूड का दिसतात? सुरुवातीच्या ७०७ मध्ये सगळी हवा इंजिनाच्या गाभ्यातूनच जायची, आजच्या लीप इंजिनात गाभ्यातून एक भाग आणि बाहेरून साधारण अकरा भाग जाते, इंधन आणि आवाज दोन्ही त्यानेच कमी झाले. आत टर्बाइनचं एकेक पातं म्हणजे धातूचा एकच सलग स्फटिक, आणि भोवतालचा वायू त्या धातूच्या वितळबिंदूपेक्षाही तापलेला, म्हणून पात्याला बारीक भोकं पाडून त्यातल्या त्यात गार हवा खेळवतात. हे फोटोत कुठून दिसणार!

बाकी आकार तसाच राहिला कारण तो बरोबर होता. आत हवेचा दाब असतो आणि दाब सोसायला गोल नळीच सगळ्यात हलकी पडते. कॉमेट ही सुरुवातीची जेट प्रवासी विमानं १९५४ मध्ये हवेतच फुटली, खिडक्या-झरोक्यांच्या कोपऱ्यांशी ताण साचून पत्रा थकला म्हणून, तो धडा आजही आम्ही घेऊन बसतो. सायकलची चौकट तरी शंभर वर्षांत किती बदलली? नळीचा पत्रा मात्र बदलला, ७८७ वजनाने जवळपास अर्धं कंपोझिटचं (कार्बनचे तंतू आणि राळ यांचं) आहे.

आता वेग. ध्वनीच्या वेगाच्या ८०-८५ टक्क्यांपुढे गेलं की पंखावर शॉकवेव्ह तयार होतात आणि ड्रॅग, म्हणजे हवेचा विरोध, एकदम चढतो, इथेच घोडं पेंड खातं. कॉन्कॉर्डने ती भिंत ओलांडली पण आफ्टरबर्नर लावून (म्हणजे इंजिनाच्या मागे जादा इंधन जाळून), जेमतेम १०० प्रवासी घेऊन, आणि त्या वेगाने जाताना खाली ऐकू येणाऱ्या धडाक्यामुळे जमिनीवरून सुपरसॉनिक उडायची बहुतेक ठिकाणी बंदी होती. एअरलाइन्सनी चालवली फक्त १४. २००३ मध्ये ती थांबली ती कुणी विद्या विसरलं म्हणून नाही, खर्च झेपेना म्हणून.

फ्लॉपीचं खरंय. बोईंग ७४७-४०० मध्ये दर २८ दिवसांनी नेव्हिगेशनचा डेटा त्यावरून भरायचे. हसा खुशाल.

पण सॉफ्टवेअरवाल्यांना द्या म्हणणाऱ्यांनी एक आकडा बघावा. विमान पडेल असा बिघाड १०० कोटी उड्डाण-तासांत एकदाही अपेक्षित नसावा, हे आमचं गणित आहे, आधी सोडा आणि मग पॅच पाठवा हे इथे चालत नाही. रॉकेटवाले चालवतात, बरोबर, पण त्यांच्या फुटणाऱ्या प्रोटोटाइपमध्ये माणसं नसतात. बोईंग ७३७ मॅक्सवर विमानाचा स्वभाव सॉफ्टवेअरनेच सावरू असं ठरलं, आणि एमकॅस नावाचं ते सॉफ्टवेअर एका वेळी एकाच सेन्सरचं ऐकायचं. दोन अपघात, ३४६ माणसं गेली.

पायलटचं म्हणाल तर प्रवासी बसलेल्या ट्रायडंट या जेट विमानाची चाकं ऑटोपायलटने १९६५ मध्येच टेकवली होती. पायलट लागतो तो यादीत नसलेल्या प्रसंगाला. २००९ मध्ये पक्षी आदळून एअरबस ए३२० ची दोन्ही इंजिनं गेली, हडसन नदीवर उतरायचं हे माणसाने ठरवलं, आणि विमान स्टॉल होऊ नये, म्हणजे पंखांची उचल जाऊन कोसळू नये, याकडे कॉम्प्युटरचंही लक्ष होतं (हे कॉम्प्युटरद्वेष्टे सांगत नाहीत). १५५ च्या १५५ वाचले.

तक्रार करायचीच तर छोट्या पिस्टन विमानांची करा. अजून शिसं घातलेलं पेट्रोल, ठिणगी पाडायला अजून जुनेच मॅग्नेटो, कारण नवीन काही बसवायचं तर सर्टिफिकेशनचा खर्चच अंगावर येतो. तिथे खरंच गाडी अडकलीये. त्यावर पोस्ट टाका, मी स्वतः शेअर करते.