दवाखाना ओढ्यात बांधायची अक्कल कुणाची?

डोकं फिरलंय म्हणून लिहितोय, शिव्या गाळून वाचा.

आमच्या गावचं आरोग्य उपकेंद्र आतापर्यंत तीनदा पाण्यात गेलं. सप्टेंबर 2025 मध्ये सीना, मांजरा, सिंदफणा सगळ्याच चवताळल्या होत्या, परांड्याकडं माणसं हेलिकॉप्टरनं काढावी लागली, तेव्हाचं एकवेळ समजू. पण त्याआधीच्या दोन खेपांना नदीला पूर नव्हता. नुसता ओढा भरला होता. मोटारसायकल घालून पार करतो आम्ही तो ओढा!

मग दवाखाना तिथं का? तर जागा फुकट. गायरानाचा तुकडा, ओढ्याला लागून, कुणाच्या कामाचा नाही, म्हणून ठरावात घातला. जुनी गावं बघा जरा. गढी, मारुती, वाडे, सगळं पांढरीवर, उंचावर. शाळेचं तोंड न बघितलेल्या माणसांनी काळीत, म्हणजे शेताच्या काळ्या मातीत, घर बांधलं नाही. आणि आमचे डिग्रीवाले सरकारच्या पैशातून थेट ओढ्यात उतरले.

म्हणे पूररेषा असते. असते की! 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, 100 वर्षांतून येणाऱ्याची लाल, आणि निळीच्या आत बांधायचं नाही. शहरातल्या बिल्डरांना ती कळते, कारण तिथं तिच्यावर पैसे अडतात. आमच्या ओढ्याला ना निळी ना लाल. आमची पूररेषा म्हणजे आबांच्या गोठ्याच्या भिंतीवरचा गाळाचा पट्टा. पायाभरणीला आबा काठी टेकत गेले, पट्टा दाखवला, "इथवर येतंय बघा पाणी" म्हणाले. गुत्तेदार हसला. साहेब म्हणाले, "बाबा, टाईप प्लॅन वरून येतो, आमच्या हातात नाही."

त्या टाईप प्लॅनमध्ये, म्हणजे सगळ्या गावांना एकच ठरलेल्या नकाशात, जोतं किती, तर दीड फूट. कुठून दीड फूट? जमिनीपासून! अरे, पाणी जमिनीपासून मोजून येतं का? आबांच्या पट्ट्यापासून दोन फूट वर धरा की जोतं. चार ट्रिपा मुरूम जास्त लागेल, दोन पायऱ्या वाढतील, बाळंतिणीसाठी रॅम्प लांबेल. तेवढ्यानं काय तिजोरी बुडत नाही. वर समोरचा रस्ता दर निवडणुकीला जुन्या थरावर नवा थर देऊन उंच होतोय. आता रस्त्यावरून दवाखान्यात जायला पायरी उतरावी लागते. पाण्याला तर आवतणच.

आणि लाईटचे बोर्ड गुडघ्याएवढ्या उंचीवर! एकदा पाणी शिरलं की महिनाभर भिंतीला हात लावायची भीती.

पाणी ओसरल्यावर गेलो होतो बघायला. सिस्टर खिडकीच्या गजांना दोरी बांधून रजिस्टरं वाळत घालत होत्या. एकेक रजिस्टर फुगून उशीएवढं झालेलं. गरोदर बायांच्या नोंदीचं पान उघडलं तर शाई पसरून निळा डाग. "आता घरोघरी फिरून परत लिहायचं," एवढंच म्हणाल्या. बाळंतपणाच्या टेबलाखाली बेडूक.

चौकशीला गेलं की उत्तर ठरलेलं: निसर्गापुढं इलाज नाही. मराठवाडा दुष्काळी, इथं पुराचा विचार कशाला, असंही एकानं ऐकवलं. 2016 ला लातूरला रेल्वेनं पाणी आणलं होतं, खरंय. म्हणून काय ओढ्यानं उताराची दिशा बदलली? वरनं त्याच ओढ्यावरच्या पुलाला नळ्या टाकल्यात दोन. पहिल्याच पाण्यात कडबा आणि बाभळीची खोडं अडकली की पूल नाही, बंधाराच तो.

आता दुरुस्तीला पैसे मंजूर झालेत. अंदाजपत्रक बघून आलो. रंग, फरशी, नावाची कमान. जोत्याचा शब्द नाही, बोर्ड वर घ्यायचे त्याचा शब्द नाही. आणि सगळ्यात मोठी रक्कम कशाला? संरक्षक भिंतीला. चारी बाजूंनी, आधीपेक्षा उंच, पाणी जायला एक भोक नाही.

मागच्या खेपेला चार दिवस तुंबलेलं पाणी काढायला तीच भिंत आम्ही पोरांनी टिकावानं फोडली होती.