वहिनींचा छोटा हत्ती

आज दुपारी पॉटलकला, म्हणजे ज्याने त्याने एकेक पदार्थ न्यायच्या जेवणाला, गेलो होतो. मिसळ फक्कड झाली होती. त्याबद्दल यजमानांचे आभार मानून झालेले आहेत, आता मुद्द्यावर येते.

निघताना ड्राइव्हवेमध्ये माझा नवा टॅकोमा, टोयोटाचा पिकअप ट्रक, बघून एका स्नेह्यांनी मागच्या हौद्यावर थाप मारली, म्हशीच्या पाठीवर मारतात तशी, आणि म्हणाले, "छोटा हत्ती झकास आहे हां! वहिनींना चालवायला एकदम बरा." सगळे हसले. माझा नवराही हसला. त्याच्याशी घरी आल्यावर बोलणं झालेलं आहे.

मग दुसरे एक जण नवऱ्याच्या खांद्यावर हात टाकून, "टेक्सासमध्ये राहतोस आणि ट्रक घ्यायचाच होता तर फोर्डचा मोठा एफ-१५० तरी घ्यायचास, लेका." घ्यायचास! ट्रक मी घेतला. टेस्ट ड्राइव्ह मी केली, डीलरशी घासाघीस मी केली, सही माझी, हप्ता माझ्या पगारातून. सल्ला मात्र नवऱ्याला. तेव्हा गप्प बसले कारण हातात रश्श्याचं पातेलं होतं. आता हात मोकळे आहेत.

तर मंडळी, मोठा ट्रक मी चालवलाय. तुमच्यापैकी निम्म्यांच्या आधी चालवलाय. दोन वर्षांपूर्वीचा मंडळाचा गणपती आठवतोय? मखराची जबाबदारी माझ्याकडे होती. प्लायवूडच्या सहा शीट, आणि स्टोरेजमधून मूर्ती आणायची, पेणहून कंटेनरने आलेली, तीन फुटी. नवरा ऑफिसच्या कामाने डेन्व्हरला. तेव्हा याच थाप मारणाऱ्या भाऊजींनी त्यांच्या एफ-१५०ची चावी माझ्या हातावर ठेवली होती. मोठ्या मनाने ठेवली, हे कबूल. "जपून हं वहिनी," हेही तेव्हाच म्हणाले होते.

आणि खरं सांगते, पहिला अर्धा तास मी राणी होते. चार बाय आठच्या शीट चाकांच्या उंचवट्यांच्या मध्ये अगदी सपाट बसल्या, फाळका उघडा ठेवला, पट्टे ताणले, निघाले. हायवेवर आजूबाजूच्या गाड्यांची टपं दिसत होती. माणसाला असं उंच बसायला का आवडतं ते मला त्या दिवशी कळलं. माझ्या टॅकोमात प्लायवूड असा सपाट बसत नाही. दोन टू-बाय-फोरच्या लाकडी फळ्या आडव्या टाकून त्यावर ठेवावा लागतो. हा मुद्दा तुमचा, घ्या. (फोर्डच्याच नव्या, लहान रेंजरमध्ये बसतो हे मला माहीत आहे, सांगायला येऊ नका. त्याची सीट माझ्या कमरेला बोचली.)

पण मग, जिथे गणपती बसणार होता त्या शाळेच्या पार्किंगमध्ये शिरले. चार दारांचा एफ-१५० म्हणजे एकोणीस फुटांच्या वर लांब आणि आरसे धरून आठ फुटांच्या आसपास रुंद. पार्किंगचा पट्टा नऊ फुटी. पुढे-मागे, पुढे-मागे. ढोल-ताशाची पोरं कंबरेला ढोल बांधून उन्हात उभी, आणि मी आपली स्टीअरिंगशी झोंबतेय. शेवटी दोन जागा अडवून तिरकी उभी केली आणि खाली उतरले. म्हणजे उडी मारली, उतरले कसली! साडीत. त्या दिवशी अजून एक गोष्ट झाली. ती नंतर सांगते, सांगावीशी वाटली तर.

आता गॅरेजचं. हा माझा सगळ्यात मोठा मुद्दा आहे आणि तो ऐकायला कोणी तयारच नसतं. आपल्या सबडिव्हिजनमधली गॅरेजं किती खोल असतात? मी टेप लावून मोजलं. वीस फूट, म्हणजे २४० इंच. भाऊजींच्या ट्रकची लांबी साधारण २३२. उरले आठ इंच. त्या आठ इंचांत माझा डीप फ्रीझर, ज्यात दोन किलो ओलं खोबरं, पुरणाचे डबे आणि सासूबाईंनी गेल्या खेपेला करून ठेवलेल्या कोथिंबीरवड्यांचे उंडे आहेत, तो कुठे ठेवू? टॅकोमा २१३ इंच. फ्रीझरही राहतो आणि मी त्याच्यासमोरून आडवी चालत जाऊ शकते. पोट आत घेऊन, पण जाऊ शकते.

गॅरेजचं इतकं कौतुक का, असं डॅलसमध्ये राहणाऱ्याने विचारू नये. मार्च ते मे संध्याकाळी सहाला आभाळ हिरवट झालं की आपल्या सगळ्यांच्या पोटात गोळा येतो की नाही? लिंबाएवढ्या गारा. आमच्या गल्लीत चार मोठे ट्रक आहेत, चारही ड्राइव्हवेमध्ये उभे असतात कारण आत मावत नाहीत. गेल्या वसंतात गारा सुरू झाल्या तेव्हा त्यातल्या एकाचा मालक घरातली गोधडी ट्रकवर टाकायला धावत होता. गोधडी मीच दिलेली होती, बाळंतविड्यात. सत्तर हजार डॉलरचा ट्रक आणि त्यावर माझ्या आईच्या जुन्या पातळांची गोधडी. टेक्सासमधला मर्दानी ट्रक म्हणे.

हसू आलं लिहिताना. राग थोडा उतरला. पण थांबा.

"पण ओढायची ताकद, वहिनी!" हो. तेरा-साडेतेरा हजार पौंड ओढतो तुमचा, नीट इंजिन आणि पॅकेज घेतलं असेल तर. माझा साडेसहा हजार. आता मला सांगा, गेल्या पाच वर्षांत तुम्ही काय ओढलंत? भाऊजी, तुमच्या ट्रकच्या मागे ट्रेलर जोडायचा बॉल लावायच्या जागी अजून कंपनीचं प्लास्टिकचं झाकण आहे. मी बघितलंय, गणपतीच्या दिवशी त्याच झाकणात माझा पदर अडकला होता. ज्यांच्याकडे बोट आहे, ज्यांचं रँच आहे, जे खरोखर घोडे घेऊन फिरतात त्यांनी मोठाच घ्यावा. आपल्यापैकी घोडे कोणाकडे आहेत? आपण कॉस्टकोतून तांदळाच्या गोणी आणतो.

मी मात्र माझा ट्रक रोज राबवते. ज्यांना माझ्या परसाची भेंडी आणि गवार फुकट खायला आवडते त्यांनी हे लक्षात ठेवावं. इथली माती आपल्याकडच्यासारखीच काळी, चिकट. पावसात बुटाला किलोभर लागते आणि उन्हाळ्यात अशा भेगा पडतात की त्यात खुरपं हरवतं. म्हणून वाफे उंच करावे लागतात, म्हणून लाकूड, म्हणून कंपोस्ट. एक यार्ड कंपोस्ट, म्हणजे तीन बाय तीन बाय तीन फुटांचा ढीग, ढोबळ मानाने हजार पौंड. लोडरवाला वरून एकदम ओततो, ट्रक मागून बसतो आणि मग सावरतो. टॅकोमा सावरतो. मला तेवढंच हवं आहे.

आणि "छोटा हत्ती" म्हणून हसताना जरा माहिती घेऊन हसा. खरा छोटा हत्ती, टाटा एस, २००५ साली आला, लांबी चार मीटरच्या आत, आणि कागदोपत्री पाऊण टन उचलतो. प्रत्यक्षात साताऱ्याच्या मंडईत त्याच्यावर काय काय लादतात ते तुम्हीही पाहिलंय. पाऊण टन म्हणजे साडेसोळाशे पौंड. आता घरी जाऊन आपापल्या चामड्याच्या सीटवाल्या, सनरूफवाल्या ट्रकचं ड्रायव्हरचं दार उघडा आणि चौकटीवरचा तो पिवळ्या पट्टीचा स्टिकर वाचा, माणसं आणि सामान मिळून किती पौंड ते. भाऊजींच्या ट्रकचा मी तेव्हाच वाचला होता, शीट भरण्याआधी. सोळाशेच्या आत होता. म्हणजे हत्ती कोण आणि छोटं काय?

माझा धाकटा भाऊ तिकडे साताऱ्यात. व्हिडिओ कॉलवर ट्रक दाखवला तर म्हणाला, "तायडे, केवढं धूड घेतलंस! आपल्या गल्लीत वळायचं नाही हे." त्याचं म्हणणं, टोयोटाचीच हायलक्स घ्यायचीस. अरे बाबा, हायलक्स इथे मिळतच नाही, तिच्या ऐवजी १९९५ पासून हा टॅकोमा आहे. आणि अमेरिकेत बाहेरून छोटे ट्रक फारसे का येत नाहीत माहितीय? कोंबड्यांमुळे. खरंच. युरोपने अमेरिकन कोंबड्यांवर कर लावला म्हणून चिडून १९६४ मध्ये अमेरिकेने आयात ट्रकवर २५ टक्के कर बसवला, तेव्हा अध्यक्ष होते आपल्या टेक्सासचे जॉन्सन. कोंबडीचं भांडण मिटलं, कर राहिला. आपल्याकडच्या भाऊबंदकीसारखंच. बांध कोणी कोरला ते कोणाला आठवत नाही, पण बोलणं बंद ते बंदच.

बरं, मायलेजचं कोणीतरी काढेलच, म्हणून आधीच सांगते. फार फरक नाही. गॅलनमागे दोन-तीन मैल इकडे तिकडे. किमतीतही मोठ्या ट्रकवर डीलर एवढी सूट देतात की आमच्या घरी एक आख्खी रात्र यावर वाद झाला. मागची सीटही अडचणीची आहे, मामंजींचे गुडघे लागतात. झालं? सगळं कबूल केलं. पैसे वाचवायला मी हा ट्रक घेतला असं मी कधीच म्हणाले नव्हते.

आता ती गोष्ट. लिहू की नको असं मघापासून चाललंय. नवऱ्यालाही मी आजवर अर्धीच सांगितली होती.

त्या दिवशी तिरकी उभी केलेली गाडी कोणीतरी म्हणालं पुढे घ्या, शाळेच्या मागच्या दाराशी लावा, मूर्ती तिथून आत नेऊ. मी परत चढले. मागचा कॅमेरा लागला होता, म्हणून मागचं सगळं स्वच्छ दिसत होतं. पुढेही कॅमेरा होता म्हणे, पण त्याचं बटण कुठे आहे ते मला कोणी दाखवलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. पुढे बॉनेट, आणि बॉनेटच्या पलीकडे थेट शाळेची भिंत. मधे कोणी नाही. मी ब्रेकवरचा पाय उचलला.

ताशावाल्या पोराने बॉनेटवर टिपरू आपटलं. जोरात. मी ब्रेक दाबला, गाडी हातभर गेली असेल, तेवढीही नसेल. मला आधी त्या पोराचाच राग आला, दुसऱ्याच्या गाडीवर आपटतोस! मग बॉनेटच्या कडेवरून एक खोपा दिसला. खोप्याला सोनेरी चंद्रकोर खोचलेली. मग कपाळ, मग डोळे. टाचा उंचावून बघत होती ती. चार वर्षांची असेल, शिवलेली नऊवारी, हिरवी. म्हणाली, "काकू, माझं फूल तुमच्या गाडीखाली गेलं."

मी उतरले. पाय लटपटत होते. गुडघ्यावर बसून तिचं झेंडूचं फूल काढून दिलं. ती पळाली. त्या पोराला मी थँक्यू म्हणाले की नाही तेही आठवत नाही. नंतर आरतीला उभी होते तेव्हा टाळ माझ्या हातात वाजतच नव्हता.

भाऊजी, तुमची चूक नाही. तुम्ही चावी दिलीत, उपकार केलेत. चूक माझी, चढण्याआधी एक चक्कर मारून बघायला हवं होतं. आणि माझ्या आत्ताच्या ट्रकचं बॉनेट काही बुटकं नाही, तेही उंचच आहे. इथली आयआयएचएस नावाची गाड्यांच्या सुरक्षिततेची संस्था आहे, तिने २०२३ मध्ये सांगितलं की चाळीस इंचांपेक्षा उंच बॉनेटच्या गाडीने पायी चालणाऱ्याला धडक दिली, तर उतरत्या, बुटक्या बॉनेटच्या गाडीपेक्षा माणूस दगावण्याची शक्यता ४५ टक्क्यांनी जास्त. त्या हिशेबात मीही तुमच्याच बाजूला बसते. मला माहितीय.

पण टेस्ट ड्राइव्हच्या दिवशी मी एक केलं. डीलरच्या अंगणात माझ्या लेकीला ट्रकसमोर उभं केलं, वय वर्षं सात, आणि आत जाऊन बसले. तिला म्हटलं, एकेक पाऊल मागे जा, आणि दिसलीस की मी हॉर्न वाजवते. आधी मोठ्या ट्रकमध्ये, मग टॅकोमात. विक्रेता बिचारा हातात कॉफी घेऊन बघत होता, त्याला वाटलं आम्ही काही खेळ खेळतोय. दोन्हींत फरक पडला तो तिच्या तीन पावलांचा. तीन लहान पावलांचा.

तेवढ्यावर घेतला मी ट्रक. गॅरेज, गारा, फ्रीझर हे सगळं खरंच आहे, पण ते तुम्हाला सांगायला. सही करताना माझ्या डोळ्यांसमोर ती चंद्रकोर होती.

ही पोरगी कोणाची ते मी लिहिणार नाही. आज पॉटलकला होती, आता चांगली उंच झालीय. पाणीपुरीच्या रांगेत माझ्या पुढे घुसली.

असो. दीड तास झाला टाइप करतेय, नवरा दोनदा डोकावून गेला. छोटा हत्ती म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा, या वर्षी बाप्पा त्यातूनच येणार आहेत. प्लायवूड भाऊजींच्या ट्रकमधून येऊ दे, तिथे तो सपाट बसतो.

शनिवारी सकाळी सात वाजता कंपोस्ट आणायला निघतेय. अख्खा यार्ड मला लागणार नाही. अर्धा कोणाला हवा असेल तर उद्यापर्यंत सांगा. घमेलं आणि फावडं आपापलं आणा, आणि येताना गाडी रस्त्यावर लावा, ड्राइव्हवेमध्ये नको.